फवारा आधी भावाच्या अंगावर येतो

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनी जळगाव शहरात राहतात आणि शाळेत शिकवतात. (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.) त्यांचे माहेर चोपडा तालुक्यात, तापीकाठी. धाकटा भाऊ सहा एकर शेती करतो. निम्म्या रानात केळी, निम्म्यात कापूस, आणि कापूस निघाला की मका व घरापुरता गहू. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली की परतताना तो वर्षाचे दाणे गाडीत घालून देतो. मागील वर्षी शेजारच्या एका तरुण बाईंना कर्करोग झाल्याचे कळले आणि तेव्हापासून खतांचे व औषधांचे अन्न घरात आणू नये असे या भगिनींच्या मनाने घेतले. यंदा आखाजीच्या जेवणावरच त्या भावाला म्हणाल्या, 'तू पिकवतोस ते विष मी माझ्या लेकरांना खाऊ घालणार नाही.' भाऊ काही बोलला नाही. गव्हाचे पोते मात्र त्याने गाडीत ठेवले. ते अजून न उघडता पडून आहे. त्या विचारतात : पोते परत पाठवावे का? दुकानातले सेंद्रिय धान्य जवळजवळ दुप्पट भावाने घ्यायला सुरुवात केली आहे, ते योग्य आहे ना? आणि भावाला रासायनिक शेती सोडायला कसे पटवावे?

उत्तर :

ताई,

तुमच्या भीतीला आधार आहे, हे आधीच सांगून टाकतो. कीडनाशकांचे अंश अन्नात राहतात, युरियातून तयार होणारे नायट्रेट विहिरीच्या पाण्यात उतरते, कोंबड्यांना सरसकट दिलेल्या प्रतिजैविकांमुळे औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात. यांपैकी कोणतीही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. मला खटकले ते इतकेच, की या साऱ्याचा माग काढत तुम्ही भावापर्यंत पोहोचलात आणि तिथेच थांबलात.

शेजारच्या बाईंच्या आजाराविषयी प्रथम. एखाद्या व्यक्तीला झालेला कर्करोग अमुक भाजीमुळे किंवा तमुक धान्यामुळे झाला, असे कोणताही जबाबदार डॉक्टर सांगू शकणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक आणि मॅलॅथिऑन हे कीडनाशक 'माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या' पदार्थांच्या गटात घातले, ही गोष्ट खरी आहे. मात्र त्या निष्कर्षामागील माणसांवरचा मर्यादित पुरावा प्रामुख्याने शेतीत ही औषधे हाताळणाऱ्या लोकांच्या पाहणीतून आलेला आहे, ताटातल्या पोळीभाजीतून मिळणाऱ्या अंशावरून नव्हे. तुम्ही ज्या धोक्याला घाबरून पोते बंद ठेवले आहे, त्या धोक्याच्या सर्वांत जवळ तुमचा भाऊ उभा आहे, आणि तुमच्या संपूर्ण पत्रात त्याच्या प्रकृतीविषयी एकही वाक्य नाही.

कापसाच्या फवारणीच्या दिवशी तुम्ही कधी शेतात उभ्या राहिला आहात का? माहेरवाशिणीला त्या दिवशी सहसा कोणी रानात नेत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात कापूस छातीला लागलेला असतो. पाठीवर सोळा लिटरचा पंप असतो आणि त्याच्या झाकणातून झिरपणारे द्रावण शर्टाची पाठ ओली करत असते. औषध बादलीत काडीने ढवळायचे, काडी सापडली नाही तर हातानेच. नोझल तुंबले की काढून तोंडाने फुंकायचे. तोंडाला बांधलेला रुमाल अर्ध्या तासात घामाने आणि तुषारांनी भिजतो, आणि मग तोच रुमाल औषध नाकातोंडाशी धरून ठेवतो. संध्याकाळी हे कपडे तुमची भावजय धुते, बहुतेक उघड्या हातांनी आणि बहुतेक घरातल्या इतर कपड्यांसोबत. ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधे कातडीतूनही शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंच्या कामाला आवश्यक असलेल्या कोलिनएस्टरेज या विकराला (एन्झाइमला) अडवतात. मळमळ, दरदरून घाम, तोंडाला सुटणारे पाणी, अंधुक दिसणे ही त्याची लक्षणे. पण शेतकरी 'ऊन लागले' म्हणतो, लिंबूपाणी पितो आणि झोपून राहतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी कापूस डोक्यापर्यंत वाढला होता, बोंडअळी हाताबाहेर गेली होती आणि निरनिराळी औषधे एकत्र करून फवारली जात होती. तो जिल्हा विदर्भातला. पीक, पंप आणि रुमाल मात्र आपल्याकडचेच.

आता दुसरे गृहीतक. भाऊ हे सारे स्वखुशीने किंवा लोभाने करतो, असे तुमच्या वाक्यात अध्याहृत आहे. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा सुरुवातीची काही वर्षे बोंडअळीवरची फवारणी खरोखरच कमी झाली होती आणि शेतकरी निर्धास्त झाला होता. पुढे गुलाबी बोंडअळी त्या वाणाला सरावली, आणि मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या रसशोषक किडींवर तर बीटीचा मुळातच परिणाम नव्हता. त्यात खतांच्या किमतीचे गणित असे आहे, की ४५ किलोची युरियाची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आणि डीएपी या स्फुरदयुक्त खताच्या ५० किलोच्या गोणीला सुमारे १,३५० रुपये लागतात. साहजिकच हात युरियाकडे वळतो. जास्त युरियाने पीक हिरवेगार, लुसलुशीत होते, लुसलुशीत पानावर मावा आणि तुडतुडे जास्त येतात, ते आले की आणखी एक फवारणी होते. कोणते औषध मारायचे हे सांगणारा बहुतेक वेळा कृषी सेवा केंद्राचा दुकानदारच असतो. औषध विकणाराही तोच आणि कापूस विकल्यावर पैसे द्यायच्या बोलीवर उधार देणाराही तोच. ज्याची उधारी डोक्यावर आहे त्याचा सल्ला नाकारणे किती अवघड असते, हे शहरात पगारावर जगणाऱ्या आपल्याला चटकन कळत नाही. सोसायटीचे पीककर्ज वेगळेच.

जमिनीचे आणि पाण्याचे नुकसानही आधी त्याचेच होते. वर्षाला सुमारे ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात केळीला त्याच्या दुपटी-तिपटीने पाणी लागते. ठिबकने बचत झाली, पण बचतीच्या पाण्यावर लागवडही वाढली, आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात विहिरी मागे पडून कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या. पिकाने न उचललेला युरिया नायट्रेट होऊन त्याच पाण्यात मुरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापलीकडे गेलेले पाणी विशेषतः तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करते आणि ते उकळून नायट्रेट जात नाही. युरियाचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत त्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद सुमारे २७० पट आहे. तुमच्या माहेरी विहिरीचे पाणी पितात का, याची चौकशी तुम्ही अवश्य करा आणि त्याची एक तपासणी करून घ्या. गव्हापेक्षा मला त्या पाण्याची काळजी अधिक वाटते.

पोते परत पाठवू नका. गव्हावर आपल्याकडे कापसाच्या मानाने फारच थोडी फवारणी होते, तेव्हा सर्व पिकांचा राग त्याच्यावर काढण्यात अर्थ नाही. पोते उघडा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरा. इथे तुम्हाला एक विचारायचे आहे. विकतचे असो वा माहेरचे, तुमच्या धान्याच्या कोठीत कीड लागू नये म्हणून कोणती गोळी पडते? पाऱ्याच्या गोळ्या अजून पुष्कळ घरांत वापरतात आणि काही जण तर ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्यांना लोक सल्फास म्हणून ओळखतात, राहत्या घरात ठेवतात. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेऊ शकतो. ही गोळी गोदामांसाठी आणि प्रशिक्षित माणसांच्या हातासाठी आहे. भावाच्या शेतातील औषधाला नाके मुरडणाऱ्या घरांत ती कपाटात सापडते, तेव्हा लिहिणाऱ्याला काय वाटत असेल याची कल्पना करा.

दुकानातल्या सेंद्रिय धान्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. परवडत असेल तर घ्या. मात्र दुप्पट किंमत मोजताना पुडीवर सेंद्रिय मालाचे सरकारमान्य चिन्ह आणि प्रमाणीकरणाचा तपशील आहे का ते पाहा. 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'गावरान' या शब्दांना कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. आणि भाजीच्या बाबतीत नुसत्या धुण्यावर विसंबू नका. आपले भरिताचे वांगेच घ्या. शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीमुळे वांग्यावर वारंवार फवारणी होते, आणि बाजाराचा दिवस आला की फवारणीनंतर थांबायचे दिवस पुरे न होताच तोडणी होते. धुतल्याने सालीवरचे औषध बरेच जाते, भाजून साल काढली तर आणखी जाते. पण जी औषधे आंतरप्रवाही असतात ती गरात उतरलेली असतात आणि तिथे नळाचे पाणी पोहोचत नाही. म्हणून हंगामात, ओळखीच्या माळ्याकडून, शेवटची फवारणी कधी झाली हे विचारून घेतलेले साधे वांगे मला बिनहंगामी चकचकीत वांग्यापेक्षा भरवशाचे वाटते. केळ्यांच्या बाबतीत भावाच्या बागेतून आलेला कच्चा घड घरी पिकवणे हे तर उत्तमच, कारण कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी असूनही बाजारातले फळ कशाने पिकवले हे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

तुमच्या पत्रात भाजी आणि धान्यावर चार परिच्छेद आहेत आणि 'रविवारी मुलांना चिकन लागतेच' ही एकच ओळ. औद्योगिक शेतीचा खरा कारखाना त्या ओळीत आहे. भाऊ कापसानंतर जो मका घेतो तो माणसांच्या ताटात क्वचितच येतो. त्यातला मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो. हजारो कोंबड्या एका छपराखाली दाटीने वाढवल्या की रोग एका दिवसात सर्वत्र पोहोचतो. देशात कुक्कुटपालनातील एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आढळला तो आपल्याच खान्देशात, नवापूरला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि २०२१ मध्ये तिथे तोच प्रकार पुन्हा घडला. माणसाच्या गंभीर संसर्गात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायचे कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्यांच्या खाद्यातून दिले जात होते. त्यावर सरकारला २०१९ मध्ये बंदी घालावी लागली. चिकन बंद करा असे मी म्हणत नाही. दर रविवारचे महिन्यातून दोनदा करा आणि ते कुठून येते याची गव्हाइतकीच चौकशी करा, एवढेच म्हणतो.

राहिला भावाला पटवण्याचा प्रश्न. त्याने सहाही एकर एका हंगामात सेंद्रिय करावेत असा आग्रह धरू नका. श्रीलंकेच्या सरकारने २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली; भाताचे उत्पादन कोसळले आणि नोव्हेंबरपर्यंत ती बंदी मागे घ्यावी लागली. सिक्कीमने हाच निर्णय २००३ मध्ये केला आणि २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून ते जाहीर झाले. मधली तेरा वर्षे कशात गेली असतील याचा विचार करा, आणि तिथे मुळात रासायनिक खतांचा वापर आपल्यापेक्षा कितीतरी कमी होता. प्रमाणपत्र मिळवायचे तर हंगामी पिकांच्या जमिनीला साधारण दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे संक्रमणाचा काळ लागतो. त्या काळात उत्पन्न घटते, खर्च व मजुरी वाढते आणि माल मात्र नेहमीच्याच भावाने विकावा लागतो. ही तूट कोण सोसणार, याचे उत्तर हाती नसताना दिलेला उपदेश भावाला टोचणारच.

मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या रविवारी माहेरी गेलो असतो, आणि फोनवर काहीही बोललो नसतो. जाताना दोन माणसांपुरता फवारणीचा पोशाख न्या : जाड रबरी हातमोजे, चष्मा, औषधांच्या वाफेसाठीचा मास्क, लांब बाह्यांचा जाड सदरा, प्लास्टिकचा ॲप्रन. राखीची वाट पाहू नका, फवारणी त्याआधी सुरू होते. त्याच्याशी बोलताना अन्नाचा विषय काढूच नका, अंगाचा काढा. दोन औषधे एकत्र करायची नाहीत, वाऱ्याच्या उलट दिशेने चालायचे नाही, नोझल तोंडाने फुंकायचे नाही, फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर ते सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, निळा आणि हिरवा, एवढे भावजयीलाही सांगून ठेवा. मजूर लावून फवारणी होत असेल तर तोच पोशाख मजुरालाही मिळाला पाहिजे, हे बहिणीने बजावले तर भाऊ ऐकेल.

यानंतरची पायरी त्याच्याच फायद्याची आहे, म्हणून ती पटवायला सोपी जाईल. माती परीक्षण करून घेतले आणि त्याप्रमाणे युरियाची मात्रा उतरवली, तर खर्च वाचतो आणि रसशोषक किडीही घटतात. कापसात हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजावेत. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आढळले तरच औषधाचा विचार करावा, असा कृषी विभागाचा साधा निकष आहे. दुकानदाराच्या सांगण्याला यामुळे एक उत्तर तयार होते. फरदड (वेचणी संपल्यावर तीच झाडे राखून घेतलेले पुढचे पीक) न घेता डिसेंबरअखेर कापूस उपटला, तर पुढच्या वर्षीची अळी बरीच कमी होते. केळीविषयी जळगावच्या केळी संशोधन केंद्रात आणि कापसाविषयी पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात सल्ला मिळतो; तिथे औषधांची उधारी नसते. यातले काहीही 'सेंद्रिय' नाही, आणि सेंद्रियवाल्या मित्रांना ते तडजोडीचे वाटेल. वर्षाला चार फवारण्या टळल्या तर ती तडजोड मला चालते.

शेवटची गोष्ट भावाने करायची नसून तुम्ही करायची आहे. तापीकाठच्या काळ्या रानात दादर ही रब्बी ज्वारी मुरलेल्या ओलीवर येते. तिला फवारणी जवळजवळ लागत नाही, युरिया थोडा लागतो आणि वर कडबा मिळतो. तरीही ती मागे पडली, कारण राखण आणि काढणीला माणसे मिळत नाहीत आणि आपण शहरातल्या घरांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सोडून गव्हाची पोळी धरली. दादर रानातून जाण्याआधी ती आपल्या तव्यावरून गेली होती. तेव्हा शाळेतल्या सहकाऱ्यांपैकी आठ-दहा कुटुंबे गोळा करा. भावाला अर्धा एकर वेगळे ठेवायला सांगा : खरिपात उडीद, जो हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत साठवतो, आणि उडीद निघाल्यावर त्याच रानात दादर. भाव आधी ठरवा आणि तो त्या अर्ध्या एकरातून कापसाला जे सुटले असते त्याहून कमी पडणार नाही असे पाहा. निम्मी रक्कम आगाऊ द्या, आणि पाऊस किंवा पाखरांमुळे पीक बुडाले तर ती परत मागायची नाही, हे कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्या. दुकानात जादा दिलेल्या पैशातून हे सहज होईल. ज्यांना शेतकरी भाऊ नाही अशा वाचकांनीही गावाकडच्या एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याशी असा व्यवहार करून पाहायला हरकत नाही. फक्त भाव पाडून मागू नये आणि दाण्यात चार खडे निघाले म्हणून पुढच्या वर्षी पाठ फिरवू नये.

उडीद मृगाच्या पावसावर पेरला जातो. भावाला शब्द आणि निम्मे पैसे मे महिन्यातच मिळाले पाहिजेत, कारण कापसाचे बियाणे एकदा घरात आले की तो अर्धा एकरही कापसाखालीच जाईल.